क्षयरोगाचा पाठलाग: डॉ. गेरहार्ड डोमाक

क्षय म्हणजे झिजणं. टीबी झालेला माणूस खोकतो, त्याला ताप येतो आणि तो हळूहळू झिजतो. म्हणून मराठीत या आजाराला क्षयरोग म्हणतात.

डॉ. आनंदीबाई जोशी यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. अमेरिकेत शिकून त्या डॉक्टर झाल्या. पण १८८७ साली, अवघ्या एकविसाव्या वर्षी, पुण्यात क्षयरोगाने त्यांचा मृत्यू झाला. या रोगाचा जंतू १८८२ मध्येच जर्मनीच्या रॉबर्ट कॉख यांनी शोधला होता. शत्रू कळला होता, पण त्याला मारणारं औषध नव्हतं. ते औषध शोधण्यासाठी पुढे ज्यांनी आयुष्य वेचलं, त्यांतले एक म्हणजे गेरहार्ड डोमाक.

डोमाक यांचा जन्म १८९५ साली लागोव या गावी झाला. हे गाव तेव्हा जर्मनीत होतं, आज ते पोलंडमध्ये आहे. ते डॉक्टरकी शिकत असतानाच पहिलं महायुद्ध सुरू झालं. ते सैन्यात गेले, जखमी झाले आणि मग जखमी सैनिकांची सेवा करू लागले. तिथे त्यांनी पाहिलं, की ऑपरेशन चांगलं झालं तरी जखमेत जंतू शिरले की माणूस मरतो. हे ते कधीच विसरले नाहीत.

१९२७ मध्ये ते एल्बरफेल्ड इथल्या बायरच्या प्रयोगशाळेत आले. त्यांचे सहकारी नवनवीन रसायनं बनवायचे आणि डोमाक ती आजारी उंदरांना देऊन बघायचे. बहुतेक वेळा काहीच व्हायचं नाही. पण १९३२ मध्ये एका लाल रंगाच्या रसायनाने उंदीर वाचले! त्या औषधाचं नाव प्रोंटोसिल. पुढे डोमाक यांच्या लहान मुलीच्या हातात सुई घुसली आणि विष भिनलं. हात कापावा लागणार असं दिसत होतं. वडिलांनी तिला तेच औषध दिलं आणि ती बरी झाली.

१९३९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. पण हिटलरच्या सरकारने त्यांना अटक केली आणि पारितोषिक नाकारायला लावलं. पदक हाती आलं १९४७ मध्ये. पैसे मात्र मिळाले नाहीत.

मग डोमाक थांबले का? छे! प्रोंटोसिलसारखी औषधं क्षयरोगावर चालत नव्हती. या जंतूला मेणासारखं जाड आवरण असतं. डोमाक यांच्या गटाने वेगळी रसायनं तपासली. त्यांतून कॉन्टेबेन हे औषध मिळालं. ते उपयोगी होतं, पण काही रुग्णांना त्याचा त्रास व्हायचा. शोध चालूच राहिला.

१९५२ च्या सुमारास आयसोनियाझिड सापडलं. गंमत म्हणजे, त्याच वेळी अमेरिकेतल्या दोन प्रयोगशाळांनाही ते स्वतंत्रपणे सापडलं. हे रसायन १९१२ मध्येच प्राग शहरात तयार झालं होतं! चाळीस वर्षं औषध होतं, पण ते औषध आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

डोमाक १९६४ मध्ये वारले. आयसोनियाझिडची स्वस्त गोळी, इतर औषधांबरोबर, आजही भारतात आणि जगभर क्षयरोगाच्या रुग्णांना देतात.

विचार करा: प्रयोग अनेकदा फसले, तरी डोमाक यांनी काम का सोडलं नसेल?