हृदयाच्या पडद्याला छिद्र नाही : हकीम इब्न अन्-नफीस

शरीरशास्त्राच्या पुस्तकात रक्ताभिसरणाचा शोध विल्यम हार्वे यांच्या नावावर असतो आणि ते योग्यच आहे. मात्र या शोधातील एक मोठा टप्पा त्यांच्या पावणेचारशेहून अधिक वर्षे आधी एका हकिमाने लिहून ठेवला होता.

अलाउद्दीन इब्न अन्-नफीस यांचा जन्म इ. स. १२१०च्या सुमारास दमास्कसजवळ झाला. तेथील नूरी रुग्णालयात वैद्यक शिकून ते कैरोला गेले. दवाखान्यात रोगी तपासायचे आणि मदरशात शाफिई फिकह शिकवायची, अशी दोन्ही कामे ते करीत. (आपल्या कोकणी मुसलमानांचा मजहबही शाफिईच.) मुलाला दीनी तालीम द्यावी की विज्ञान शिकवावे, असे पालक आम्हा शिक्षकांना पुष्कळदा विचारतात. या गृहस्थांना तो प्रश्न पडलेला दिसत नाही.

त्या काळी वैद्यकात इब्न सिना यांच्या ‘अल-कानून’ या ग्रंथाचा शब्द अखेरचा मानला जाई. त्यातील रक्ताचा विचार ग्रीक वैद्य गॅलेन, म्हणजे युनानी हकिमांचा जालीनूस, याच्यापासून आलेला. हृदयाच्या उजव्या कप्प्यातील रक्त मधल्या पडद्यातील न दिसणाऱ्या छिद्रांतून डाव्या कप्प्यात झिरपते, असे हजार वर्षे शिकविले जात होते. छिद्रे कोणी पाहिली नव्हती, पण ग्रंथात होती!

१२४२ साली, तिशीच्या उंबरठ्यावर असताना, इब्न अन्-नफीस यांनी ‘अल-कानून’मधील शरीररचनेवर भाष्य लिहिले. गुरुस्थानी असलेल्या इब्न सिनांचा आदर ठेवून त्यांनी स्पष्ट सांगितले की हा पडदा जाड व भरीव आहे, त्यातून रक्त जाऊच शकत नाही. मग ते जाते कोठून? उजव्या कप्प्यातून फुप्फुसात, तेथे हवेशी मिसळून फुप्फुसाच्या शिरेने परत हृदयाच्या डाव्या बाजूस. फुप्फुसातील दोन मोठ्या वाहिन्यांमध्ये बारीक मार्ग असले पाहिजेत, हेही त्यांनी तर्काने ओळखले. सूक्ष्मदर्शकाखाली केशवाहिन्या माल्पिघी यांना दिसल्या त्या १६६१ साली. हृदयाच्या स्नायूला त्याच्याच भिंतीतील वाहिन्यांतून पोषण मिळते, असेही त्यांचे मत होते. आज हृदयविकाराचा झटका येतो तो याच वाहिन्या तुंबल्यामुळे.

सगळेच त्यांना उमगले होते असे मात्र नव्हे. रक्त साऱ्या शरीरात फिरून पुन्हा हृदयाकडे येते, हे प्रयोगांनी व मोजमापाने सिद्ध केले ते हार्वे यांनीच, १६२८ मध्ये. आपल्या माणसाचा गौरव करताना दुसऱ्याचे श्रेय कापण्याची गरज नाही.

पुढे त्यांनी वैद्यकाचा ३०० खंडांचा ग्रंथ योजला. त्यातील ८० पुरे झाले. अखेरच्या आजारात वैद्यांनी सुचविलेले मद्य त्यांनी नाकारले, असे चरित्रकार सांगतात. १२८८ मध्ये कैरोत त्यांचे निधन झाले. घर आणि सारी पुस्तके ते तेथील मन्सूरी रुग्णालयाला देऊन गेले.

गंमत अशी की ‘अल-कानून’चा त्यांनी केलेला संक्षेप हिंदुस्थानातील युनानी विद्यार्थी पिढ्यान्‌पिढ्या अभ्यासत राहिले, पण हृदयाचा खुलासा असलेले ते भाष्य विस्मृतीत गेले. १९२४ साली जर्मनीत शिकणाऱ्या तत्तावी या इजिप्शियन डॉक्टराने बर्लिनच्या ग्रंथालयातील त्याचे हस्तलिखित वाचून त्यावर प्रबंध लिहिला, तेव्हा कोठे ते पुन्हा जगापुढे आले.