फादर जुझे वाझ

आमच्या दापोलीच्या हर्णै बंदरावरून किनारा धरून दक्षिणेस गेलें म्हणजे गोमंतकांत बाणावली लागते. तेथें १६५१ सालीं ब्राह्मण वंशाच्या ख्रिस्ती कुटुंबांत जुझे वाझ जन्मले. युरोपीय संघांचीं दारें त्या काळीं देशी पाद्र्यांस बंद असत. म्हणून देशी पाद्र्यांच्याच एका मंडळास त्यांनीं १६८५ त संघाचें रूप दिलें. स्वाभिमानाचा हा धडा आम्हांस विशेष वाटतो.

डचांनीं सिलोनांत कॅथलिक पाद्र्यांस बंदी केली होती. १६८७ त वाझ भिकाऱ्याच्या वेषानें तेथें उतरले. कँडीच्या राजानें हेर समजून त्यांस कैदेंत टाकलें. पुढें १६९७ त त्याच कँडींत देवीची सांथ आली. राजा शहर सोडून गेला. रोग्यांस आप्तांनींच रानांत टाकलें. वाझ मात्र राहिले. त्यांनीं रोग्यांस निवारा दिला, अन्न दिलें, त्यांच्या जखमा धुतल्या, प्रेतें पुरलीं. धर्म कोणाचा विचारला नाहीं. शेजाऱ्याचा विटाळ मानण्यांत ज्या कुळांच्या पिढ्या गेल्या, त्यांतल्याच एकानें हें केलें, आणि तो परधर्मी म्हणून आम्हीं त्याचें नांवही ठेवलें नाहीं! १७११ च्या जानेवारींत कँडींतच त्यांचा अंत झाला. रोमनें त्यांस संतपद दिलें तें २०१५ त.