शारदेचे नाटककार

नाशिककरांना ‘शारदा’ नाटकाचे नाव निराळ्याच कारणाने ठाऊक आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात त्याच्या प्रयोगास आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. परंतु नाटककार गोविंद बल्लाळ देवल यांची खरी ओळख मला झाली ती आपल्या मंडळात ‘शारदा’चे वाचन ठरले तेव्हा. माझ्या वाट्याला भद्रेश्वर दीक्षिताचे काम आले आणि मी जरा हिरमुसलेच!

देवलांचा जन्म १८५५ सालचा, सांगलीजवळच्या हरिपूरचा. सांगलीतच १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटकाचा पाया घातला होता. त्या पौराणिक खेळांतला दुष्ट म्हणजे आरडाओरडा करीत येणारा राक्षस. लहान मुलानेही ओळखावा असा. देवल बेळगावास शिकले. तेथे अण्णासाहेब किर्लोस्कर त्यांचे गुरू झाले. नाटक लिहिण्याइतकीच नटांना तालीम देण्यातही देवलांची ख्याती होती. त्यांनी ‘मृच्छकटिक’ मराठीत आणले, १८९० साली ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंजारराव’ लिहिले. सात नाटकांपैकी सर्वस्वी स्वतंत्र असे एकच, १८९९ सालचे ‘शारदा’.

त्यात राक्षस कोणीच नाही. भुजंगनाथ पंचाहत्तरीला टेकलेले, पण म्हातारे म्हटलेले त्यांना खपत नाही. कांचनभट हा तर शारदेचा जन्मदाता. पैशापुढे त्याला पोटची पोर दिसत नाही. आणि भद्रेश्वर लग्न जुळवणारा, जिभेवर साखर ठेवून दोहोंकडे आपला लाभ पाहणारा. प्रेक्षक त्यांना हसतात. हसता हसता एका अजाण मुलीचा सौदा होत आला हे ध्यानात येते आणि हसू मावळते.

भद्रेश्वर घोकताना माझेही तसेच झाले. त्याच दिवसांत भाचीसाठी मी एक स्थळ सुचवले होते. मुलाचे वय चार वर्षे कमी सांगितले होते, शेती थोडी वाढवून. हेतू चांगलाच होता, असे मी स्वतःला बजावीत होते. पण भद्रेश्वर तरी मनात दुसरे काय म्हणत असेल? वाचनाच्या दुसऱ्याच दिवशी बहिणीकडे जाऊन खरे ते सांगितले. स्थळ मोडले. बहीण पुढे कित्येक महिने माझ्याशी धड बोलली नाही.

देवल १९१६ साली वारले. मुलींच्या लग्नाचे वय ठरवणारा कायदा १९२९ साली झाला. हरविलास सारडांच्या आडनावावरून त्याला सारडा कायदा म्हणतात. शारदेशी नामसाम्य हा निव्वळ योगायोग. कायद्याने वय ठरले, पण लग्न जुळवताना गोड बोलून काही झाकण्याची सवय तेवढ्याने जात नाही. देवलांनी दुष्टाला राक्षसाच्या वेशातून काढून आपल्या ओसरीवर आणून बसवले. भगिनींनो, तेथे कधीमधी आपणही बसलेल्या असतो.