मचाणावरील शिकारी ते वन्यजीवांचा रक्षक : जिम कॉर्बेट

कुमाऊँच्या जंगलातील थंडीची पहाट. झाडावर शिकारी निश्चल बसला आहे. दूरवर चितळाचा इशारा ऐकू येतो, पाठोपाठ भेकर भुंकते, आणि वाघ कोणत्या दिशेने निघाला आहे हे त्याला न पाहताच समजते. जंगलाची ही भाषा ज्यांना अवगत होती, ते एडवर्ड जेम्स उर्फ जिम कॉर्बेट.

कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनिताल येथे झाला. वडील तेथे पोस्टमास्तर होते. हिवाळ्यात हे कुटुंब पायथ्याशी असलेल्या कालाढुंगी येथे राहत असे. तेथील रानात भटकताना बालवयातच जिम यांनी प्राण्यांचे माग ओळखण्याची विद्या आत्मसात केली. वडिलांच्या अकाली निधनानंतर त्यांनी रेल्वेत नोकरी पत्करली. बिहारमधील मोकामा घाट येथे गंगेच्या काठी मालाच्या चढ-उताराचे काम त्यांनी वीस वर्षांहून अधिक काळ सांभाळले.

१९०७ मध्ये त्यांनी चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला ठार केले. तिने ४३६ माणसांचे बळी घेतल्याची नोंद आहे. गढवालमधील रुद्रप्रयागच्या बिबट्याने मात्र त्यांची कठोर परीक्षा घेतली. केदारनाथ आणि बद्रीनाथच्या यात्रामार्गावर या बिबट्याने आठ वर्षे दहशत माजवली होती. सरकारी नोंदीनुसार त्याने १२५ जणांचे प्राण घेतले होते. सूर्यास्त होताच गावोगावी दारे बंद होत. कॉर्बेट यांनी अलकनंदेवरील झुलत्या पुलाच्या मनोऱ्यावर बोचऱ्या वाऱ्यात वीस रात्री जागून काढल्या. बिबट्या फिरकलाच नाही. अखेर मे १९२६ मध्ये गुलाबराय येथे, आंब्याच्या झाडावर अनेक रात्री पहारा दिल्यानंतर, अंधारात झाडलेल्या एका गोळीने त्याचा अंत झाला.

जखमी वा वृद्ध झालेला आणि नैसर्गिक भक्ष्य मिळवू न शकणारा प्राणीच प्रामुख्याने माणसाकडे वळतो, असे कॉर्बेट यांचे निरीक्षण होते. जंगले आणि वाघ झपाट्याने घटत असल्याचे पाहून ते अस्वस्थ झाले. हौशी शिकारीपासून ते दूर गेले आणि त्यांच्या हातात बंदुकीऐवजी चित्रीकरणाचा कॅमेरा दिसू लागला. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या हेली या देशातील पहिल्या राष्ट्रीय उद्यानाच्या उभारणीत त्यांनी मोलाचे साहाय्य केले. १९४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ' या पुस्तकाने त्यांना जगभर कीर्ती मिळवून दिली.

१९४७ मध्ये बहीण मॅगी यांच्यासह ते केनियातील न्येरी येथे स्थायिक झाले. ५ फेब्रुवारी १९५२ च्या रात्री राजकन्या एलिझाबेथ तेथील 'ट्रीटॉप्स' या झाडावरील निवासात मुक्कामास होत्या. ७६ वर्षांचे कॉर्बेट त्या रात्री झाडावर पहाऱ्याला होते. त्याच रात्री इंग्लंडमध्ये राजे सहावे जॉर्ज यांचे निधन झाले आणि राजकन्या झाडावर असतानाच राणी झाल्या.

१९ एप्रिल १९५५ रोजी न्येरी येथे कॉर्बेट यांचे निधन झाले. त्यानंतर हेली उद्यानाला त्यांचे नाव देण्यात आले. याच उद्यानातून १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्पाचा प्रारंभ झाला. कालाढुंगी येथील त्यांच्या घराचे संग्रहालयात रूपांतर करण्यात आले आहे.