इग्नाझ सेमेलवाइस
इग्नाझ फिलिप सेमेलवाइस (१ जुलै १८१८, बुडा – १३ ऑगस्ट १८६५, व्हिएन्नाजवळ) हे हंगेरियन प्रसूतितज्ज्ञ होते. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या प्रसूतिकक्षात सुइणींच्या कक्षापेक्षा अधिक माता सूतिकाज्वराने दगावत. १८४७ मध्ये शवविच्छेदनाच्या वेळी सुरी लागून त्यांचे स्नेही याकोब कोलेच्का मरण पावले. लक्षणे सूतिकाज्वरासारखीच होती. त्यावरून, शवविच्छेदन करून आलेल्या हातांवाटे हा रोग पसरतो, असे सेमेलवाइस यांनी अनुमान काढले आणि क्लोरीनयुक्त चुन्याच्या द्रावणाने हात धुणे सक्तीचे केले. त्या वर्षी एप्रिलमध्ये १८ टक्क्यांहून अधिक असलेला मृत्युदर जूनमध्ये सुमारे २ टक्क्यांवर आला. तरीही बहुतेक समकालीन वैद्यांनी त्यांचे मत नाकारले. अखेरीस मनोरुग्णालयात जखम चिघळून त्यांचा मृत्यू झाला. पुढे पाश्चर व लिस्टर यांच्या संशोधनानंतर त्यांच्या कार्याला मान्यता मिळाली.