अंगणात भरलेली शाळा : ताराबाई मोडक

जून उजाडला की आपल्या घराघरांत छत्र्या, दप्तरे आणि वह्यांना कव्हरे घालण्याची धांदल सुरू होते. रविवारचे धर्मशिक्षणाचे वर्गही पुन्हा भरू लागतात. आणि पंधरा दिवस होत नाहीत तोच मिस्सानंतर चर्चच्या आवारात पालकांची ठरलेली तक्रार कानी येते : पोर वर्गात बसत नाही, बसले तर लक्ष देत नाही. याच तक्रारीचे उत्तर शोधण्यात एका बाईने जवळजवळ पन्नास वर्षे घातली. त्यांचे नाव ताराबाई मोडक. शाळेत असताना सामान्यज्ञानाच्या पुस्तकात आपण हे नाव पाठ केले असेल. त्यामागचे आयुष्य मात्र फारसे कुणी सांगत नाही. ते या अंकात सांगावे असे आम्हाला वाटले.

ताराबाईंचा जन्म १८९२ साली मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. घर प्रार्थना समाजाच्या सुधारकी विचारांचे, त्यामुळे मुलीला शिकवायचे की नाही हा प्रश्न तिथे नव्हता. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळी अशा मुली बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. पुढे अमरावतीच्या मोडक वकिलांशी लग्न झाले, पण ते टिकले नाही. लहान मुलीला घेऊन ताराबाई स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. राजकोटला स्त्रियांच्या अध्यापन विद्यालयाच्या त्या प्राचार्य झाल्या. एकट्या बाईला त्या काळात याहून मानाची आणि सुरक्षित जागा मिळाली नसती. ती जागा त्यांनी सोडली.

सोडली ती भावनगरच्या एका वकिलामुळे. गिजुभाई बधेका यांनी आपल्या मुलाच्या शिक्षणाची काळजी करता करता वकिली बाजूला ठेवली आणि १९२० साली दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. तिथे छडी नव्हती, पाठांतराचा गोंगाट नव्हता. गोष्टी होत्या, गाणी होती, हाताला काम होते. ताराबाई १९२३ मध्ये तिथे गेल्या आणि लहान मुलांच्या झाल्या त्या कायमच्या.

गिजुभाई आणि ताराबाई दोघांनाही वाट दिसली ती मारिया माँटेसरी यांच्या पुस्तकांतून. माँटेसरीबाई इटलीच्या, पेशाने डॉक्टर आणि आपल्याप्रमाणे कॅथलिक. १९०७ साली त्यांनी रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले. तिथे त्यांनी एक तीन वर्षांची मुलगी पाहिली. लाकडी ठोकळ्याच्या भोकांत दट्टे बसवायचे, काढायचे, पुन्हा बसवायचे, असे तिने चाळीसहून अधिक वेळा केले. आजूबाजूला मुले गाणी म्हणत होती, पण तिने मान वर केली नाही. लहान मूल एकाग्र होत नाही हा समज त्या दिवशी खोटा ठरला. योग्य वस्तू हाती आली, आणि मध्येच कुणी ती काढून घेतली नाही, तर मूल मोठ्या माणसापेक्षा जास्त रमते. रागावून, बक्षीस लावून आणलेले लक्ष घटकाभरच टिकते. पुढे बार्सिलोनात माँटेसरीबाईंनी हीच पद्धत मुलांच्या धर्मशिक्षणालाही लावून पाहिली, हे आपल्या वर्ग घेणाऱ्यांना ठाऊक असावे म्हणून लिहितो.

१९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला, शिक्षणपत्रिका निघाली, आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाले. ताराबाईंचे नाव झाले. मात्र या शाळांत येणारी मुले बहुतेक खात्यापित्या घरची होती. माँटेसरीची लाकडी साधने महाग, ती घेणार कोण? खेड्यातल्या, मजुराच्या मुलाला हे शिक्षण मिळणार नसेल तर ते कशासाठी, हा प्रश्न त्यांना सोडीना. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या बोर्डीला आल्या.

बोर्डी आपल्याच कोकणपट्टीच्या उत्तर टोकाला, समुद्राकाठी. तेव्हाचा ठाणे जिल्हा, २०१४ पासून पालघर. तिथे त्यांच्या मदतीला आल्या अनुताई वाघ, बालविधवा, रात्रशाळेत शिकून पुढे आलेल्या. दोघींनी गावात बालवाडी उघडली. बरी घरे असलेल्यांची मुले आली; दलित आणि आदिवासी वस्तीतली आली नाहीत. दुसऱ्या कुणी असते तर म्हणाले असते, या लोकांना शिक्षणाची आवडच नाही. (हे वाक्य आपणही कधी ना कधी ऐकले आहे.) ताराबाईंनी तसे म्हटले नाही. मूल शाळेकडे येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, असे त्यांनी ठरवले. शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या आणि एखाद्या घरासमोरच्या अंगणात मुलांना गोळा करू लागल्या. आपल्याकडे ज्याला खळे म्हणतात ना, तेच. आधी नाक पुसायचे, नखे कापायची, अंघोळ घालायची, केस विंचरायचे. मग गाणे, मग खेळ. अंगणवाडी हा शब्द असा जन्माला आला.

महागड्या साधनांचा प्रश्नही अंगणातच सुटला. शिंपले, खडे, बिया, पाने, काड्या. लहानमोठे निवडायचे, रंगाप्रमाणे लावायचे, मोजायचे. आपल्याकडे काजूच्या बिया आणि माडाच्या करवंट्या तर कुठेही पडलेल्या असतात. आमच्या मते ताराबाईंचे सर्वांत मोठे काम हेच. परदेशी पद्धत आणणारे पुष्कळ झाले. त्यातला जीव ओळखून लाकडी कवच टाकून देणारे थोडे.

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. इथली वस्ती वारल्यांची. ताराबाई पासष्टीच्या घरात होत्या. इथे आणखी अवघड गाठ होती. सहा-सात वर्षांची मुलगी शाळेत का येत नाही हे घरी जाऊन पाहिले तर तिच्या कडेवर धाकटे भावंड. आईबाप कामावर गेलेले. ती आली तर बाळाला कोण पाहणार? म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तिचे नाव विकासवाडी. मुलगी बाळाला घेऊनच यायची, बाळ पाळणाघरात, ती वर्गात. मुलगे येत नव्हते, कारण गुरे राखायची होती. तेव्हा शिक्षक फळा आणि साधने घेऊन माळावर गेले आणि गुरे चरत असताना तिथेच शाळा भरली. ती कुरणशाळा.

त्या शाळेचा विचार मनात येतो तेव्हा आम्हाला शिक्षकाची काय परीक्षा झाली असेल असे वाटते. चार भिंती नाहीत, दार लावून घेता येत नाही. मुलाला कंटाळा आला तर ते उठून गुरांमागे जाणार. हजेरीचा धाक नाही, नापासाची भीती नाही. अशा ठिकाणी धडा रंगला तरच मूल थांबते. समोरचे झाड, पाखरू, गुराच्या पावलाचा ठसा यांच्यापासून शिकवणे सुरू करावेच लागते. बंद खोलीत शिकवणाऱ्याला आपला धडा फसला हे कधीकधी वर्षभर कळत नाही; माळावर ते पाच मिनिटांत कळे.

हे सगळे सुरळीत झाले असे नाही. पैशांची चणचण नेहमीची. मुलांची भाषा वारली, पुस्तकाची भाषा वेगळी. पेरणीच्या आणि गवत कापणीच्या दिवसांत शाळा ओस पडायची. तरी त्या टेकडीवरून हलल्या नाहीत. १९६२ साली सरकारने त्यांना पद्मभूषण दिले.

१९७३ मध्ये ताराबाईंचे निधन झाले. अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरीपर्यंत, कोसबाडचे काम चालवले. ताराबाई गेल्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि बोर्डीच्या अंगणातला तो शब्द देशभर पोचला. आज अंगणवाडी म्हटले की आपल्याला आधी खाऊ आठवतो, मग लसीचा दिवस. वाडीवाडीवर त्या नावाची पाटी आहे. शिंपले आणि बिया हाती घेऊन मुलांना रमवणाऱ्या ताईही आहेत, आणि पटाच्या वह्या भरण्यातच ज्यांचा दिवस जातो अशाही.