साने गुरुजी : छात्रालयातील शिक्षक आणि कुमारांचे वाङ्मय

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड या गावी झाला. घराणे खोताचे, पण वैभव ओसरलेले. दापोली, औंध आणि पुणे येथे अत्यंत हलाखीत त्यांचे शिक्षण झाले. आई यशोदाबाई १९१७ मध्ये निवर्तल्या. हा वृत्तान्त बहुतेक मराठी वाचकांना परिचित असल्याने येथे विस्ताराने दिलेला नाही. कुमारवयीन वाचकाच्या मनावर वाङ्मयाचा संस्कार कसा होतो, या प्रश्नाच्या दृष्टीने त्यांच्या चरित्रातील खानदेशचा कालखंड अधिक महत्त्वाचा आहे.

तत्त्वज्ञान मंदिरातील अभ्यासासाठी ते अमळनेरला आले आणि १९२४ मध्ये तेथीलच खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत शिक्षक झाले. हीच शाळा पुढे प्रताप हायस्कूल म्हणून ओळखली जाऊ लागली. अध्यापनाबरोबर छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. छात्रालयात खेड्यापाड्यांतून आलेली मुले राहत. बालपण सरलेले, प्रौढपण आलेले नाही आणि घर दूर, अशा वयातील मुलांना नियम आणि शिक्षा यांच्या बळावर वळण लावावे, ही त्या काळची सर्वमान्य रीत होती. गुरुजींनी ती सोडून दिली. मुले शाळेत गेली की ते त्यांच्या खोल्या झाडीत, अस्ताव्यस्त पडलेले कपडे घड्या करून ठेवीत, कंदिलाच्या काचा पुसून ठेवीत. काही दिवसांनी मुले आपली कामे आपणच करू लागली.

याच मुलांसाठी त्यांनी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक चालविले. एका वसतिगृहापुरते दैनिक, आणि त्याचा लेखक दिवसभर वर्गात शिकविणारा शिक्षक! मुलाने काय वाचू नये हे सांगणारे पुष्कळ असतात. त्याने काय वाचावे हे रात्री बसून स्वहस्ते लिहून देणारा विरळा. १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिक सुरू केले आणि छात्रालयातील हा उद्योग छात्रालयाबाहेर पोहोचला. पुढे ‘धडपडणारी मुले’ या कादंबरीत अशीच मुले आणि त्यांचा शिक्षक पात्रे होऊन आली. कुमारांना वाचक करणारा हा लेखक त्यांना कथेचा विषयही करीत होता, हे अभ्यासकाने लक्षात घ्यावे.

१९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहात उतरण्यासाठी त्यांनी नोकरी सोडली. धुळे आणि त्यानंतर तिरुचिरापल्ली येथे त्यांना कारावास घडला. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी एक याप्रमाणे गीतेवर अठरा प्रवचने दिली. ती गुरुजींनी लिहून घेतली म्हणूनच आज ग्रंथरूपाने उपलब्ध आहेत. फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. १९३५ मध्ये ती प्रसिद्ध झाली.

या पुस्तकातील श्याम हा आदर्श मुलगा नाही. तो पोहायला भितो, दडून बसतो, पुस्तकासाठी चोरीही करतो. मोठा झालेला श्याम आश्रमातील सोबत्यांना हे सर्व रात्रीमागून रात्री सांगतो. चूक करणाराच ती सांगत असल्याने कुमारवाचकाला आपल्यावर कोणी न्यायाधीश बसविला आहे असे वाटत नाही. मोळी उचलता न येणाऱ्या वृद्ध दलित स्त्रीला हात देण्याचा प्रसंगही याच रीतीने येतो. त्यामुळे अस्पृश्यतेचा प्रश्न उपदेश म्हणून न येता घरातील गोष्ट म्हणून येतो.

गुरुजींचे लेखन अतिभावुक आहे, ते मुलांना हळवे करते, असा आक्षेप घेतला जातो. तो सर्वस्वी निराधार नाही. तथापि पोहण्याला भिणाऱ्या श्यामला मारणारी आई ही केवळ अश्रू ढाळणारी नव्हे. खरी उणीव दुसरीकडे आहे. वयात येणाऱ्या मुलीचे शरीर, तिचा विवाह, तिच्यावर अकाली येणारे मातृत्व यांविषयी हे पुस्तक फारसे बोलत नाही. मुलगा श्याम होऊ शकतो. मुलीसमोर मात्र थेट आईच उभी राहते. ‘स्त्री जीवन’मध्ये गुरुजींनी स्त्रियांच्या ओव्या संग्रहित केल्या. सासर-माहेरच्या व्यथा तेथे स्त्रियांच्याच तोंडून ऐकू येतात. ही दोन पुस्तके जवळजवळ ठेवून वाचावीत.

१९३६ च्या फैजपूर काँग्रेस अधिवेशनासाठी गुरुजी खानदेशभर फिरले. १९३८ मध्ये त्यांनी अमळनेरहून ‘काँग्रेस’ हे साप्ताहिक काढले. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. ११ जून १९५० रोजी त्यांनी आपले जीवन स्वतःच संपविले.

त्यानंतर तीनच वर्षांनी आचार्य अत्रे यांनी ‘श्यामची आई’ पडद्यावर आणली आणि १९५४ मध्ये या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. पुस्तक वाचणारा मुलगा श्यामच्या आईला आपल्या आईचा चेहरा देत असे. चित्रपटगृहात बसलेल्या सर्व मुलांसमोर आता वनमालाबाईंचा एकच चेहरा होता.